बोईसरची लोकल आणि ४२ गुणांची प्रश्नावली

गुदाशयाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, गाठ गेली, रिपोर्टही चांगला आला. मग पेशंट बोईसरहून परळला फॉलोअपला यायला का घाबरतो? कारण साधं आहे. लोकलमध्ये संडास नसतो.

गुदाशय ही शरीराची साठवणीची टाकी. ती काढून वरचं आतडं खाली जोडतात, त्यामुळे साठवण घटते. रेडिएशन झालं असेल तर उरलेला भाग ताठरही होतो. मग अचानक घाई, तासाभरात पुन्हा जावं लागणं, गळती. याला लो अँटीरियर रिसेक्शन सिंड्रोम, थोडक्यात 'लार्स' म्हणतात.

तुम्हाला हे मोजायचं असेल तर काय विचाराल? 'दिवसातून किती वेळा?' हेच ना! मीही तेच विचारलं असतं. पण डेन्मार्कच्या एमर्टसेन आणि लॉरबर्ग यांनी २०१२ मध्ये पाच प्रश्नांचा लार्स स्कोअर मांडला, तेव्हा प्रत्येक लक्षणाचा जगण्यावर किती परिणाम होतो हे पाहून गुण ठरवले. एकूण ४२ गुण. त्यात 'किती वेळा' याला जास्तीत जास्त ५, आणि घाईला तब्बल १६! तीस किंवा जास्त म्हणजे तीव्र लार्स.

उपाय आहेत: इसबगोल, ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम, डॉक्टरांच्या सल्ल्याने लोपेरामाइड, गरज पडल्यास पाण्याने आतडं धुणं. पण तारापूर एमआयडीसीत शिफ्ट करणारा माणूस हे आपणहून सांगत नाही, लाजतो. म्हणून प्रश्नावली मराठीत आणताना 'अर्जन्सी'ला 'तातडी' लिहू नका. 'रोखता येत नाही, धावत जावं लागतं' असं विचारा.