कोऱ्या चहापासून पांढऱ्या चहापर्यंत

मुंबईच्या गिरणगावातल्या, म्हणजे कापडगिरण्यांभोवतीच्या वस्तीतल्या, चहाबद्दल एक मत इतकं रुळलं आहे की ते तपासून पाहावं असं कुणाला वाटत नाही. इथल्या माणसाला चहा कडक हवा, गोड हवा, दुधाचा हवा. हलक्या, सुवासिक चहाची पारख ही मलबार हिलची, फार तर चर्चगेटकडची गोष्ट, असं ते मत. काळाचौकी, लालबाग, परळच्या टॉवरांत आता व्हाइट टीचे डबे पोचू लागले आहेत. मोगऱ्याच्या वासाचे, बर्गमॉटचे, गुलाबपाकळ्या घातलेले चहा घरपोच येऊ लागले आहेत. त्यावर कुणी म्हणतं, आता कुठे आपल्याला चहा कळायला लागला. कुणी म्हणतं, ही सगळी श्रीमंती थेरं. भांडण दिसतं दोन बाजूंचं, पण दोघांचं गृहीतक एकच आहे: दुधावाचूनचा, वासासाठी प्यायचा चहा या वस्तीत कधी नव्हताच. गेल्या सव्वाशे वर्षांकडे मागे वळून पाहिलं तर हे गृहीतक टिकत नाही. जीभ इथे पहिल्यापासून होती; बदलत गेली ती पत्ती, आणि पत्तीबरोबर चहा करण्याची रीत.

मराठी मुलखात चहाची पहिली गाजलेली चर्चा झाली ती चवीवरून नव्हे, विटाळावरून. १८९० साली पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये टिळक, रानडे यांच्यासारखी मंडळी जमली, त्यांच्यापुढे चहा-बिस्किटं आली, गोपाळराव जोशी यांनी ते वर्तमानपत्रातून चव्हाट्यावर आणलं आणि प्रकरण प्रायश्चित्तापर्यंत गेलं. तो चहा कसा लागला, हे कुणी विचारलं नाही. पुढे १९०३ मध्ये चहाच्या निर्यातीवर उपकर बसला आणि त्या पैशातून चहाचा प्रचार सुरू झाला. पहिल्या महायुद्धाच्या काळात हा प्रचार कोळशाच्या खाणी, कारखाने आणि कापडगिरण्यांपर्यंत आला. तहानलेला, थकलेला कामगार हे हुकमी गिऱ्हाईक होतं. इथेही चवीचा प्रश्न नव्हता, तरतरीचा होता. गांधीजींनी चहाला विरोध केला तोही प्रकृतीच्या अंगाने. म्हणजे चहा बाटवतो का, चहाने काम जास्त होतं का, चहाने शरीराची नासाडी होते का, असे तीन मोठे वाद मराठी समाजाच्या कानावर आले, आणि तिन्हींत जिभेला साक्षीला बोलावलं गेलं नाही. लिहिणाऱ्यांनी चवीची नोंद ठेवली नाही. म्हणून पुढच्यांनी समजून घेतलं की चवच नव्हती.

चव होती, ती स्वयंपाकाच्या कोपऱ्यात. गिरण्यांत आलेला माणूस बहुतांशी आजच्या रत्नागिरी-सिंधुदुर्गातला, साताऱ्या-कोल्हापूरकडचा. एका खोलीत अनेक पुरुष, जेवण खाणावळीत, दूध महाग. अशा घरात आणि गावाकडेही जो चहा व्हायचा तो कोरा. त्याचं शास्त्र साधं पण नेमकं आहे. आधणात गूळ विरघळतो, गवती चहाची दोन-तीन पाती गाठ मारून त्यात पडतात, पाण्याला वास चढला की चहा पावडर, आणि झाकण. गुळाच्या चहात दूध घातलं की तो नासण्याची भीती, त्यामुळे गूळ आणि कोरा चहा यांची जोडी सोयीचीही होती. गवती चहाचा वास मुख्यत्वे सिट्रल या द्रव्याचा; लिंबाच्या सालीतही ते असतं. ते वाफेबरोबर उडून जातं, म्हणून झाकण हवं आणि फार रटरटवायला नको, हे आजीला रसायनशास्त्राशिवाय ठाऊक होतं. गणपतीतल्या भजनाच्या जागरणाला किटलीतून फिरतो तो हाच चहा. दूध नाही, रंग पातळ, वास पुढे, पत्ती मागे: आजच्या महागड्या डब्यावर जे वर्णन छापलेलं असतं, ते कोऱ्या चहाला बरंचसं लागू पडतं. त्याला प्रतिष्ठा मिळाली नाही, कारण दूध परवडत नाही याची ती खूण मानली गेली.

मग हा चहा मागे का पडला? लोकांची आवड बिघडली म्हणून नव्हे. १९३० च्या सुमारास आसामातल्या आमगुरी मळ्यात विल्यम मॅककर्चर यांनी सीटीसी यंत्र बसवलं. दातेरी रुळांमधून पान चिरडायचं, फाडायचं आणि वळवून त्याचे दाणे करायचे, ही ती पद्धत. अशा दाण्याला पाणी लागताक्षणी रंग आणि तुरटपणा भसकन सुटतो आणि किलोमागे कितीतरी जास्त कप निघतात. स्वातंत्र्यानंतरच्या काही दशकांत देशातलं बहुतेक उत्पादन तिकडे वळलं आणि वाण्याकडे ममरी आणि डस्ट हाच चहा झाला. त्याच सुमाराला, १९४९ मध्ये, आरे दूध वसाहत उभी राहिली आणि मुंबईत बाटलीतलं दूध बूथवर मिळू लागलं. दुधातली प्रथिनं चहातल्या तुरट द्रव्यांना बांधून टाकतात; म्हणजे कडक दाण्याला दूध लागतं आणि दुधाला पेलायला कडक दाणा लागतो. दोघं एकमेकांना धरून आले. तीन पाळ्यांच्या गिरणीत भोंग्यांच्या मधल्या चार मिनिटांत उभ्याउभ्या प्यायची वस्तू म्हणून कटिंग, म्हणजे अर्धा पेला कडक दुधाचा चहा, चोख होतं. त्यात वेळेची, पैशाची आणि पत्तीची गणितं बसत होती. पण ती गणितं होती, आवडीनिवडी नव्हत्या.

जिभेने आपलं म्हणणं मांडलं ते मसाल्यातून. प्रचार करणाऱ्या चहा-व्यापाऱ्यांना मसाला घातलेला चहा पसंत नव्हता, कारण मसाला घालणारा विक्रेता पावडर कमी वापरतो अशी त्यांची तक्रार होती. तरीही लोकांनी आलं घातलं, वेलदोडा घातला, सुंठ-जायफळ घातलं. म्हणजे आज ज्याला फ्लेवर्ड ब्लेंड म्हणतात ते काम इथे व्यापाऱ्याच्या सल्ल्याविरुद्ध, घरोघरी आणि टपरीटपरीवर चाललं होतं. आणि ते हाताला येईल ते टाकण्याचं काम नव्हतं. कच्च्या आल्यात प्रथिनं तोडणारं विकर असतं. आलं उकळण्याआधीच दुधात पडलं तर दूध फाटतं, म्हणून चांगला चहावाला ठेचलेलं आलं पाण्यात खळखळून उकळू देतो आणि मगच दूध ओततो. वेलदोडा मात्र शेवटी, कारण त्याचा वास आल्यासारखा दम धरत नाही. कोणता वास कधी सोडायचा, कोणता किती वेळ झाकून ठेवायचा, हे ज्याला कळतं त्याला ब्लेंडिंग कळत नाही असं म्हणणं धाडसाचं आहे. सीटीसीने पत्तीतला सूक्ष्म वास काढून घेतला होता. तो लोकांनी बाहेरून परत आणला.

१८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपानंतर ज्या दिनक्रमाला कटिंग बसलं होतं तो दिनक्रमच मोडला. अडीच लाखांच्या आसपास कामगार संपात होते. पुढे गिरण्या बंद पडत गेल्या, जमिनी विकल्या गेल्या. कटिंग मात्र राहिलं, कारण सवय कारणापेक्षा जास्त जगते. आता ती चार मिनिटांची सक्ती नाही, दूध मिळतं, पत्तीही मिळते. म्हणून निवड हा शब्द चहाच्या बाबतीत पहिल्यांदा खऱ्या अर्थाने वापरता येतो, आणि पांढरा चहा नेमका याच वेळी आला आहे. तो मूळचा चीनच्या फुजियान प्रांतातला, फूदिंग आणि चंगह या भागांतला. त्याची प्रक्रिया जवळपास नाहीच: कोवळी कळी खुडायची, पसरून कोमेजू द्यायची, वाळवायची. न वळणं, न भाजणं, न चिरडणं. नुसत्या कळ्यांचा तो सिल्व्हर नीडल, कळीबरोबर एक-दोन पानं आली की पाय मुदान. दार्जिलिंग, आसाम आणि निलगिरीतही आता तो होतो. कळी हातात घेतली तर तिच्यावर चंदेरी लव दिसते. तीच पाण्यात उतरून पेल्याच्या तळाशी बारीक धुळीसारखी राहते. रंग फिकट गव्हाळ, वास वाळल्या गवताचा, कोवळ्या काकडीचा, कधी मधाचा. गोडवा येतो तो घोट गिळल्यावर.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: हे पाणचट आहे. आक्षेप खोटा नाही, पण दोष बहुधा करण्याच्या रीतीचा असतो. कळ्या फुगीर असतात. ममरीच्या मापाने एक चमचा घेतला तर पदार्थ अर्धाही येत नाही. वजन करावं, कपाला साधारण तीन ग्रॅम. पाणी उकळून, एका भांड्यातून दुसऱ्यात ओतून ऐंशी-पंच्याऐंशी अंशांवर आणावं, झाकून चार-पाच मिनिटं ठेवावं. मुंबईचं तानसा-वैतरणा-भातशाचं पाणी बोअरवेलच्या पाण्यासारखं जड नसतं, ही इथली जमेची बाजू. आणि प्यावं बशीतून प्यायल्यासारखं, फुरका मारत. चहा कंपन्यांचे परीक्षकही असाच जोरात फुरका मारतात, कारण घोटाबरोबर हवा आत गेली की वास घशामागून नाकात चढतो. ज्या सवयीबद्दल गिरणगावातल्या माणसाला अडाणी ठरवलं गेलं, ती चव घेण्याची धंदेवाईक रीत आहे. हे सगळं करूनही पांढरा चहा कटिंगच्या तागडीत टाकला तर हरेलच, कारण कडकपणा हे त्याचं माप नाही. कोऱ्या चहाचं माप लावून पाहावं.

दुसरा आक्षेप किमतीचा, आणि तो जास्त वजनदार आहे. किलोला दहा हजार रुपये धरले तर तीन ग्रॅमला तीस रुपये होतात. पण त्याच कळ्यांवर तीनदा पाणी घालता येतं, आणि दुसरा पेला पुष्कळदा पहिल्याहून चांगला लागतो. म्हणजे कपाला दहा रुपये. तरीही हा रोजचा चहा होणार नाही आणि व्हायची गरजही नाही. आपण हापूसही रोज खात नाही, म्हणून आंबा कळत नाही असं कुणी म्हणत नाही. प्रकृतीचे दावे मात्र सरळ बाजूला ठेवावेत. पांढऱ्या चहात कॅफिन नगण्य असतं, हे डब्यावरचं वाक्य विशेष फसवं आहे. कोवळ्या कळीत जून पानापेक्षा कॅफिन जास्त असतं. वजन घटेल म्हणून तो पिणारा माणूस पुन्हा त्याच जुन्या चुकीत सापडतो: चहाला चवीखेरीज सगळं विचारायचं.

तिसरा आक्षेप सुवासिक मिश्रणांवर: वास घालून हलकी पत्ती खपवली जाते. हे खरं आहे, आणि व्यापाऱ्यांची जुनी तक्रार इथे उलटी होऊन येते. पण सगळी मिश्रणं एका जातीची नसतात. चिनी जास्मिन चहात उमलत्या कळ्या रात्रभर पत्तीबरोबर ठेवून सकाळी काढून टाकतात, आणि चांगल्या चहाला हे पुनःपुन्हा करतात. माठात मोगरा टाकून पाण्याला वास लावण्याची आपली रीत याच घराण्यातली. दुसरीकडे, तेल फवारून पत्तीला वास दिला जातो. अर्ल ग्रे मधला बर्गमॉट बहुधा असाच येतो, आणि त्यातही चांगलं-वाईट असतं. फरक ओळखायला दुसरं पाणी घालून पाहावं: फवारलेला वास बहुतेकदा पहिल्या पेल्यातच संपतो आणि खाली पत्ती उघडी पडते. पांढऱ्या चहाला घरचा जोड हवा असेल तर गवती चहाचाच द्यावा, पण बेताने. दोन पाती गरम पाण्यात आधी मुरू द्यावीत, पाणी निवलं की काढावीत, मग कळ्या टाकाव्यात. आलं इथे दडपशाही करतं.

शेवटी अडचण उरते ती दुकानाची. लालबागच्या मिरची गल्लीत एप्रिल-मेमध्ये येणारी बाई बेडगी, संकेश्वरी, काश्मिरी मिरची हातात मोडून बघते, वास घेते, रंग-तिखटाचं प्रमाण स्वतः ठरवते आणि समोर मसाला कुटून घेते. तिला तयार पाकीट देऊन गप्प बसवता येत नाही. तीच बाई चहा मात्र बंद पुड्यातला, जाहिरात पाहून घेते, कारण चहा हुंगून, थोडा चाखून, शंभर ग्रॅमच्या मापात घेण्याची सोय तिच्या वस्तीत कुणी ठेवली नाही. चर्चगेटला वीर नरिमन मार्गावरच्या टी सेंटरमध्ये पानांचे चहा मिळत आले. गिरणगावाच्या वाट्याला दाणा आला. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलच्या आवारात वस्त्रोद्योगाचं संग्रहालय घडतं आहे, तिथे कामगारांच्या जगण्याची मांडणी होताना चहाचा पेला येईलच. त्याच्याखाली नुसता कटिंग असा शब्द लिहिला तर अर्धा इतिहास सांगितला जाईल. गूळ घातलेला कोरा चहा, गाठ मारलेली गवती चहाची पात आणि व्यापाऱ्याचं न ऐकता घातलेलं आलं हेही लिहायला हवं. आणि पांढरा चहा विकणाऱ्याने इथे येताना गिऱ्हाइकाला चव शिकवण्याचा आव आणू नये. डबा उघडून समोर ठेवावा, वास घेऊ द्यावा, वजन करून द्यावं. बाकीचं ही वस्ती मिरचीच्या बाबतीत वर्षानुवर्षं करत आली आहे.