मोझांबिकची तूर: करार नेमका कशाचा?

काळेवाडीत लातूर-नांदेडकडची भाडेकरू मंडळी भरपूर. गावाहून आणलेली तूरडाळ संपली की किराणा दुकानातलं पाकीट येतं, आणि त्यात मोझांबिकची तूरही असू शकते. हे कळलं की पहिला प्रश्न ठरलेला: सरकारच बाहेरून डाळ विकत घेतंय, तर आमची तूर कोण घेणार?

पण करार म्हणजे खरेदी नव्हे. जुलै २०१६ मध्ये भारत आणि मोझांबिक यांच्यात झाला तो सामंजस्य करार: पहिल्या वर्षी १ लाख टन, वाढत वाढत पाचव्या वर्षी २ लाख टन. २०२१ मध्ये त्याला वर्षाला २ लाख टनांप्रमाणे पाच वर्षांची मुदतवाढ मिळाली. माल सरकारी यंत्रणेलाही आणता येतो, खासगी व्यापाऱ्यालाही. न्हावाशेवाला उतरते ती तूर बहुतेक व्यापाऱ्यांची, आणि तिचा भाव बाजारात ठरतो.

मोझांबिकच का? तिथले छोटे शेतकरी तूर पिकवतात ती मुख्यतः विकण्यासाठी. आपल्यासारखं रोजचं वरण तिथे नाही. शिवाय त्यांची काढणी ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये, आपली डिसेंबरपासून पुढे. आपला साठा आटतो तेव्हाच त्यांचा माल निघतो.

‘देश मित्र आहे, म्हणजे माल येणारच’ हाही भ्रमच. २०२३ च्या अखेरीस तिथल्या निर्यातदारांच्या आपसातल्या भांडणात तूर नकाला बंदराजवळ अडकून पडली, आणि दिल्लीला राजनैतिक पातळीवर बोलावं लागलं.

सर्वांत मोठा गैरसमज मात्र त्या २ लाखांच्या आकड्याबद्दल आहे. अनेकांना ती कमाल मर्यादा वाटते; खरं तर तो निदान एवढा माल येऊ देण्याचा भारताने दिलेला शब्द आहे. मे २०२१ मध्ये तूर आयात खुली झाल्यावर तर त्याहून जास्त आणायलाही कुणाची आडकाठी उरली नाही. आकड्याचं वजन कळतं ते आयातीचं दार लोटलं जातं तेव्हा. २०१५ मध्ये डाळ किलोला २०० रुपयांच्या घरात गेली, त्या धास्तीत २०१६ चा करार झाला. त्याच खरिपात आपल्या शेतकऱ्यांनी तूर भरभरून पेरली आणि विक्रमी पीक आलं. हमीभाव बोनससह क्विंटलला ५,०५० रुपये, बाजारभाव त्याच्याही खाली. मराठवाडा-विदर्भात खरेदी केंद्रांवर गाड्यांच्या रांगा. ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने तूर आयातीवर वर्षाला २ लाख टनांची मर्यादा घातली, पण करारातली तूर त्यातून वगळली होती. परदेशाला दिलेला शब्द पाळणं भागच असतं.

२०२१ मध्ये म्यानमारशी १ लाख आणि मलावीशी ५० हजार टनांचा शब्द झाला. म्हणजे तीन देश मिळून वर्षाला साडेतीन लाख टन. माझ्या मते टनांपेक्षा घासाघीस व्हायला हवी ती महिन्यांवर: करारातला माल आपल्या काढणीआधी उतरावा, आणि बाजार हमीभावाखाली असेल तर उरलेला पुढच्या हंगामावर ढकलता यावा, एवढं कलम मागून घ्यायला हवं.