सूर संपतो कुठे? बेस गिटार आणि आम्ही हौशी मंडळी

आधीच सांगून टाकतो, आम्ही कोणी उस्ताद नाही. आठवडाभर नोकरी-धंदा करायचा आणि रविवारी सकाळी एका मित्राच्या गच्चीवरच्या खोलीत जमून वाजवायचं, अशी ही आमची हौस. त्यामुळे आज जे बोलू त्यात थोडं शास्त्र आहे आणि बरीचशी आमची मतं आहेत. मतं कुठली ते तुम्हाला ऐकताना कळेलच.

हे वाद्य पाहून लोक पहिल्यांदा विचारतात, "हिला चारच तारा का? दोन तुटल्या का?" (हशा) तुटलेल्या नाहीत. गिटारच्या खालच्या चार तारा एक सप्तक खाली नेल्या की बेस गिटार होते. सगळ्यात जाड तार, तिला ई म्हणतात, सेकंदाला सुमारे 41 कंपनं करते. पुढच्या तीन तारा 55, 73 आणि 98. माणसाच्या कानाची खालची हद्द साधारण 20 धरतात, म्हणजे आपण हद्दीच्या बऱ्याच जवळ वाजवत असतो.

आमच्या डोक्यात जो विषय घोळत होता त्याची सुरुवात एका फजितीतून झाली. सोसायटीच्या गणपतीत आम्ही सहा गाणी वाजवली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आम्हीही खूश. दुसऱ्या दिवशी कोणीतरी मोबाइलवर केलेलं रेकॉर्डिंग आलं. फोनवर ऐकलं तर बेस नाहीच. मग चांगल्या स्पीकरवर लावलं. तिथे बेस होता, पण नुसता घूं घूं असा एक सलग आवाज. सूर बदलताहेत हे आम्हाला माहीत होतं म्हणून कळत होतं, एरवी कोणाला कळलं नसतं. आणि गंमत म्हणजे आम्ही एकही सूर चुकलो नव्हतो! तालातही होतो.

मग चुकलं काय? सूर सुरू वेळेवर होत होते, संपत नव्हते. एक मिटायच्या आत दुसरा त्याच्यावर चढत होता.

हे वरच्या पट्टीत एवढं बोचत नाही. एक प्रयोग करू. (वाजवून दाखवतात) सा आणि शुद्ध गंधार, वरच्या तारांवर एकत्र. गोड आहे, नाही का? आता तेच दोन सूर सगळ्यात खाली. (वाजवतात) चिखल. अंतर तेच, सूर तेच. खाली मात्र दोन सुरांच्या कंपनांमध्ये फरक उरतो तो जेमतेम दहा-अकराचा, आणि तेवढ्या फरकात कानाला ते दोन वेगळे करता येत नाहीत. तो त्यांचा एकच खडबडीत गोळा करतो. त्यात खोलीची भर. सर्वात खालच्या ईची एक लाट हवेत आठ मीटरहून लांब असते. आपल्याकडच्या बऱ्याच खोल्या तेवढ्या लांबही नसतात. मग भिंतींमुळे एखादा सूर फुगतो, एखादा गायब होतो, आणि तुम्ही वाजवणं थांबवलंत तरी खोली थोडा वेळ घुमत राहते.

फोनचं कोडंही सांगून टाकू. फोनच्या इवल्या स्पीकरला 41 कंपनं जवळजवळ काढताच येत नाहीत. तरी कधी कधी आपल्याला बेस ऐकू येतो, कारण तारेत 82, 123, 164 असे वरचे स्वरही असतात आणि त्यांवरून मेंदू मूळ सूर मनानेच भरून काढतो. पण सूर एकमेकांत मिसळले की हे वरचे धागेही गुंततात आणि मेंदूला पकडायला काही राहत नाही.

आपल्याकडच्या माणसाला हे समजवायला तबल्यासारखा सोपा दाखला नाही. तीनतालाचा ठेका आठवा. डग्ग्याचा घुमारा सुरू असतो, मग 'तिं तिं ता ता' येतं आणि डग्गा गप्प होतो. पुढच्या 'धिं'ला तो परत आला की जीव भांड्यात पडतो. खाली आली हे कळतं ते मुख्यतः डग्गा गेला म्हणून. घुमारा कुठे सोडायचा आणि मनगटाने कुठे दाबायचा, हे तबलजी पहिल्या महिन्यापासून शिकतो. बेस वाजवणाऱ्याला बहुतेकदा फक्त सूर काढायला शिकवतात, मिटवायला कोणी शिकवत नाही. आमचं पहिलं आणि सगळ्यात ठाम मत हेच.

आता थोडा इतिहास, कारण यातले जुने लोक हे सगळं जाणून होते. लिओ फेंडर यांचा 'प्रिसिजन' बेस 1951 मध्ये आला. पुढे डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीत जेम्स जेमर्सन नावाचा माणूस तो वाजवायचा. मूळचा उभ्या डबल बेसवरचा वादक. मोटाउनची साठच्या दशकातली असंख्य गाणी त्याच्या बेसवर उभी आहेत, पण 1971 च्या 'व्हॉट्स गोइंग ऑन' या अल्बमपर्यंत मोटाउनच्या पाकिटांवर वादकांची नावं छापतच नसत. (आपल्याकडे राहुल देव बर्मन यांच्या गाण्यांत टोनी वाझ बेस वाजवायचे. हे किती जणांना माहीत आहे, हात वर करा. बघा.)

तर हा जेमर्सन उजव्या हाताच्या एकाच बोटाने तार छेडायचा. एकाच! आज कुठल्याही क्लासात गेलात तर दोन बोटं आलटून पालटून हा पहिला धडा असतो. त्याच्या तारा सपाट गुंडाळीच्या, गुळगुळीत, आणि तुटेपर्यंत तो त्या बदलत नसे. बेसवर खाली तारा जिथे टेकतात तिथे धातूचं झाकण असायचं आणि त्या झाकणाखाली स्पंजचा तुकडा. तो स्पंज तारेला हलकेच धरून ठेवतो. सूर टप्पकन येतो, गोल असतो आणि आपला आपण विझतो. म्हणजे सूर मिटवायचं अर्धं काम स्पंज करायचा, म्हणूनच जेमर्सन एवढे चपळ, नागमोडी सूर वाजवूनही गढूळ होत नव्हता, असं आम्हाला वाटतं.

तिकडे लॉस एंजेलिसमध्ये कॅरल के. मूळच्या गिटारवादक. 1963 मध्ये एका रेकॉर्डिंगला बेसवाला आलाच नाही म्हणून यांनी बेस हातात घेतला आणि पुढे हजारो रेकॉर्डिंगं केली. त्या वाजवायच्या पिकने, आणि तारांवर त्यांच्याही फेल्टचा तुकडा असायचा. एक बोटाने, दुसरी पिकने, दोघांची बोली वेगळी, पण सूर विझवायची सोय दोघांकडे आहे.

म्हणून "पिकने वाजवणं म्हणजे लबाडी" असं कोणी म्हणालं की आम्हाला हसू येतं. पिकने सुरुवातीचा 'टक्' जास्त येतो, वरचे स्वर जास्त निघतात, लहान स्पीकरवरही बेस कळतो. बोटाने सूर जाडसर, मऊ येतो. गाण्याला काय हवंय ते बघा. आणि स्लॅप, म्हणजे अंगठ्याने तार आपटणं आणि बोटाने ओढून सोडणं, ते लॅरी ग्रॅहमने काढलं तेसुद्धा गरजेपोटी. तो आईबरोबर वाजवायचा, साथीला ड्रमवाला राहिला नाही, म्हणून अंगठ्याने किक ड्रमची जागा भरली आणि ओढलेल्या तारेने स्नेअरची. आता ड्रमवाला शेजारी बसलेला असताना सहाही गाण्यांत स्लॅप करणारी मुलं आम्ही पाहतो. शिकावं जरूर. पण ज्याला आठवड्यात तीन तास मिळतात त्याने त्यातले अडीच तास त्यावर घालवू नयेत.

तीन तास म्हणालो, तर इथे जरा थांबू, कारण पुढची गोष्ट नुसत्या आवडीनिवडीची नाही. आमच्यातल्या एकाला शिकवणाऱ्याने पहिल्याच दिवशी सांगितलं, प्रत्येक पडद्यावर एक बोट, चार पडदे चार बोटं, करंगळी ताणलीच पाहिजे. गिटारवर हे ठीक आहे. बेसची तार मात्र 34 इंच, म्हणजे 86 सेंटिमीटर. पहिल्या पडद्यापासून चौथ्यापर्यंत अंतर जवळजवळ 13 सेंटिमीटर, साध्या गिटारवर ते पावणेदहाच्या आत भरतं. आमचा मित्र हाताने लहान, जिद्दीने मोठा. दुखलं तरी "सवय होईल" म्हणत राहिला. मनगट सुजलं, सकाळी चहाचा कप उचलवेना, आणि चार महिने वाद्य कपाटावर. त्याने सोडूनच दिलं असतं.

उभ्या डबल बेसवाल्यांनी हा प्रश्न कधीच सोडवला होता. फ्रान्झ सिमांडल यांच्या एकोणिसाव्या शतकातल्या पद्धतीत पहिलं बोट, दुसरं, आणि मग करंगळी, तिला अनामिकेचा आधार. चार पडद्यांऐवजी तीनच, आणि पुढे जायचं असेल तर हात सरकवायचा. पाचव्या-सातव्या पडद्याच्या वर जागा अरुंद होते, तिथे चार बोटं खुशाल लावा. आमचा मित्र आज असाच वाजवतो. दुखणं ही प्रगतीची खूण आहे असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, आणि राहिलंच तर डॉक्टरकडे जा, आमच्याकडे नको.

उजव्या हाताबद्दलही हेच. घरी आवाज बारीक ठेवला की कानाला खालचे सूर आणखीनच कमी ऐकू येतात, म्हणून माणूस तार जोरात ओढतो आणि तीच सवय लागते. अॅम्प थोडा वाढवा, हात हलका करा. (जेमर्सन अगदी उलट वाजवायचा, तारा उंच आणि हात जबरदस्त. पण त्याचे हात त्याचे.)

बरं, सूर मिटवायचा कसा? दाबलेलं बोट पडद्यावरून सैल करा, तारेवरून उचलू नका. पूर्ण उचललंत तर मोकळी तार वाजायला लागते आणि आगीतून फुफाट्यात. दुसरी मेख अशी की सैल बोट एकटंच पाचव्या, सातव्या किंवा बाराव्या पडद्यावर राहिलं तर शिट्टीसारखा वरचा स्वर निघतो. (वाजवतात) हा असा. म्हणून शेजारचं बोटही टेकवायचं, दोन बोटांखाली तार मुकी होते. उजवा अंगठा खालच्या तारेवर विसावलेला असू द्या, म्हणजे ती आपोआप गप्प. मोकळी तार वाजवली असेल तर पुढच्या सुराला जाणारं उजवं बोट थोडं आधीच टेकवा.

सराव मेट्रोनोम 60 वर लावून. एकच सूर. पहिली पाच मिनिटं सूर पुढच्या ठोक्यापर्यंत पूर्ण धरा. मग अर्ध्यावर तोडा. मग पाव. आम्ही पहिल्यांदा केलं तेव्हा पावावर तोडताना ताल घसरत होता, अगदी वीस वर्षं वाजवणाऱ्याचाही. नंतर ड्रमबरोबर: किकला सूर सुरू, स्नेअर वाजताक्षणी बंद. एवढं एक केलं आणि पुढच्या वर्षीच्या गणपतीत लोक म्हणाले, ड्रमवाला सुधारला! (हशा) ड्रमवाला तोच होता, वाजवत होता तेच.

प्रश्न आलाय, पाच तारांचा बेस घ्यावा का? पाचवी तार बी, 31 कंपनांच्या आसपास. गाणी त्या पट्टीत असतील तर घ्या. पण ती तार तुम्ही न वाजवताही शेजारच्या तारेमुळे थरथरते, म्हणजे गप्प बसवायला आणखी एक. आधी या चार गप्प बसवता येऊ देत. आणि दुकानात गेलात तर अॅम्प चालू करायला सांगू नका. तसाच हातात घ्या, पहिल्या पडद्यापाशी बोटं लावून दहा मिनिटं बसा. मनगट काय म्हणतं ते तिथेच कळेल.