आल्प्सच्या दऱ्यांतील उबदार वारा

स्वित्झर्लंडमध्ये १८६४ सालापासून हवामानाच्या नोंदी पद्धतशीरपणे ठेवल्या जातात. त्या नोंदींत २०१९-२० चा हिवाळा तोपर्यंतचा सर्वांत सौम्य हिवाळा ठरला. अटलांटिक महासागरावरून येणारे पश्चिमेचे उबदार वारे जणू थांबावयास तयार नव्हते. फेब्रुवारी २०२० मध्ये तर त्यांनी वादळाचे रूप धारण केले. सखल दऱ्यांतून बर्फ फारसे टिकले नाही. थंडीने गारठणाऱ्या माणसास असा हिवाळा सुखाचा वाटेल. परंतु तेथील फळबागाईतदार अशा हिवाळ्याकडे संशयानेच पाहतो.

या दऱ्यांना उबदार वारा नवीन मात्र नाही. दक्षिणेकडून आल्प्स ओलांडून ऱ्हाईन, रॉइस व लिंट या नद्यांच्या खोऱ्यांत उतरणाऱ्या वाऱ्यास ‘फॉन’ म्हणतात. हा वारा आफ्रिकेतील सहारा वाळवंटातून येतो, अशी एके काळी समजूत होती. १८६६ च्या सुमारास ऑस्ट्रियाचे हवामानशास्त्रज्ञ युलिउस हान यांनी त्याच्या उष्णतेचा उगम खाली उतरण्यातच आहे, हे दाखवून दिले. हवा वर चढताना थंड होते. ती कोरडी असेल तर दर १०० मीटरला सुमारे १ अंश सेल्सियस, आणि तिच्यातील बाष्पाचे ढग होऊ लागले की त्याच्या निम्म्याहून थोडी अधिक, अशी ही घट असते. उतरताना मात्र ती दर १०० मीटरला पुरती १ अंशाने तापते. समजा, ५०० मीटर उंचीवर ८ अंश तपमानाची हवा चढू लागली, १,००० मीटरवर ढग धरले आणि २,५०० मीटरची खिंड ओलांडून ती पुन्हा ५०० मीटरवर उतरली, तर तिचे तपमान सुमारे १४ अंश भरेल. पलीकडे पाऊस न पडताही वरच्या थरातील हवा थेट दरीत उतरून फॉन वाहतो, असेही पुढील अभ्यासात आढळून आले आहे.

सह्याद्रीच्या पायथ्याशी राहणाऱ्या वाचकास यातील निम्मी गोष्ट परिचयाची आहे. महाबळेश्वरी ओतून गेलेला मोसमी वारा वाईस पोहोचतो तेव्हा त्यात पाऊस थोडाच उरलेला असतो. फरक एवढाच की, घाटमाथ्यावरून पठारावरचा उतार बेताचा असल्याने वारा फारसा तापत नाही.

फॉनचे उपकारही आहेत. सेंट गालन परगण्यातील ऱ्हाईनच्या खोऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या पिकणाऱ्या ‘रिबेल’ मक्यास २००० साली संरक्षित नामाभिधान मिळाले; तो मका तेथे पक्व होतो यात या वाऱ्याच्या उबेचा वाटा मोठा आहे. त्याच नदीच्या वरच्या अंगास, मायेनफेल्ड व मालान्स या गावांच्या आसपास, शरद ऋतूत फॉन द्राक्षांत साखर भरतो. म्हणून तेथील लोक त्यास ‘द्राक्षे शिजविणारा’ असे कौतुकाने म्हणतात. कौतुकास दुसरी बाजूही आहे. १० मे १८६१ च्या रात्री ग्लारूस शहरात लागलेली आग याच वाऱ्याने भडकली आणि सुमारे ६०० इमारती भस्मसात झाल्या.

बागेचा धोका याहून संथपणे येतो. सफरचंदाच्या झाडास सुप्तावस्थेत ठराविक काळ थंडी मिळावी लागते. ती गरज पुरी झाली की, पुढे मिळणारी प्रत्येक उबदार दुपार झाडास जागे करीत जाते. भर हिवाळ्यात उणे २० अंशही निभावून नेणारे झाड बहरात असताना उणे २ अंशांस फुले गमावू लागते, आणि उणे ४ अंशांस बहुतेक बहर जातो. वारा वाहतो तोवर दरीच्या तळाशी थंड हवा साचू शकत नाही, त्यामुळे बागा सुरक्षित असतात. तो पडला, आकाश निरभ्र राहिले आणि उत्तरेची थंड हवा शिरली की घात होतो. २०१७ साली नेमके हेच घडले. मार्च अतिशय उबदार गेला, झाडे व वेली आठवडे आधी फुटल्या, आणि एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यातील कडाक्याच्या रात्रींनी देशभर फळबागा व द्राक्षमळे करपविले.

त्या रात्री ऱ्हाईनकाठच्या मळ्यांत मेणाचे शेकडो दिवे ओळींतून पेटविले गेले. थंडीच्या लाटेत निफाडकडे बागेत शेकोट्या पेटविणाऱ्यांस हे दृश्य अनोळखी वाटणार नाही. काही ठिकाणी फुलांवर रात्रभर पाण्याचे तुषार उडवितात. पाणी गोठताना दर ग्रॅममागे ८० कॅलरी उष्णता सोडते आणि बर्फाच्या कवचात कळी शून्याच्या आसपास टिकून राहते. हा उपाय मध्येच थांबविला तर हानी अधिक होते, त्यामुळे पाण्याचा साठा पुरेसा असेल तरच तो हाती घ्यावयाचा.

यांपैकी कोणताही उपाय स्वस्त नाही. म्हणून जाणता द्राक्ष-बागाईतदार हिवाळा सौम्य दिसताच छाटणी लांबवितो, म्हणजे डोळे काही दिवस उशिरा फुटतात. शिवाय वेलीवर एक जादा काडी राखून ठेवतो. मुख्य काडीवरचे कोंब थंडीने गेले तर हीवरचे उपयोगी पडतात. मे महिन्याच्या ११ ते १५ या तारखा तेथे थंडीच्या शेवटच्या फेऱ्याच्या मानल्या जातात. त्या निर्वेध गेल्या की राखलेली काडी कापून टाकली जाते.