कॉलेजांत जातांना मोबाइल कोणत्या कंपनीचा घ्यावा?

शालान्त परीक्षेचा निकाल लागला म्हणजे दर वर्षीं आमच्या शाळेंतील कांहीं मुलेंमुली पुण्यास, कांहीं मुंबईस, तर कांहीं जिल्ह्याच्या ठिकाणीं कॉलेजांत दाखल होतात. अशा वेळीं गादी आणि पेटी घेण्यासाठीं वडील मंडळी चार दुकानें हिंडतात. परंतु ज्याच्या योगानें मुलाचा घराशीं रोजचा संबंध राहावयाचा, त्या मोबाइलास सेवा कोणत्या कंपनीची घ्यावी याचा विचार क्वचितच होतो. शेजाऱ्यानें घेतली तीच आपणही घ्यावी, असा सर्वसाधारण प्रघात आहे. हा प्रघात कसा फसवितो, तें आम्हीं स्वतः अनुभविलें आहे.

कॉलेजच्या पहिल्या वर्षीं आमची खोली एका जुन्या दगडी वसतिगृहाच्या तळमजल्यावर होती. गांवीं जें सिम उत्तम चालत असे, तेंच आम्ही बरोबर नेलें होतें. एके रात्रीं घरीं आईस अकस्मात् इस्पितळांत न्यावें लागलें. वडिलांनीं रात्रभर आम्हांस फोन लावला. आमचा मोबाइल उशाशींच होता, पण तो एकदांही वाजला नाहीं. सकाळीं भोजनगृहाच्या ओट्यावर येऊन उभे राहिलों, तों रात्रीच्या फोनांच्या सूचना एकामागून एक येऊं लागल्या. ईश्वरकृपेनें आई बरी झाली, तथापि “रात्रभर तूं होतास कोठें?” हा वडिलांचा प्रश्न आमच्या कानांतून अद्याप गेलेला नाहीं. कंपनीच्या जाहिरातींत तें शहर सबंध रंगविलेलें होतें. जाहिरात खोटी होती असें आम्ही म्हणत नाहीं. तींत आमची खोली तेवढी नव्हती.

असें कां व्हावें? मोबाइलचें सर्व काम रेडिओच्या लहरींवर चालतें, आणि सर्व लहरी सारख्या नसतात. ७०० किंवा ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी दूरवर जातात व भिंतींतून पुष्कळशा आंत शिरतात. २३०० किंवा ३३०० मेगाहर्ट्झच्या लहरींवरून इंटरनेटचा मजकूर अधिक वेगानें नेतां येतो, परंतु जाड भिंत त्यांस लवकर अडविते. कोणत्या कंपनीचा टॉवर किती अंतरावर आहे व तो कोणत्या लहरी वापरतो, यावर सर्व अवलंबून असतें. म्हणूनच एकाच खोलींत एका कंपनीचा फोन स्पष्ट ऐकूं येतो आणि दुसरीचा मुका राहतो. शिवाय रात्रीं नऊ-दहाच्या सुमारास वसतिगृहांतील शेंकडों मुलें एकाच टॉवरवर भार टाकतात, तेव्हां दुपारीं वेगानें चालणारें इंटरनेटही रांगूं लागतें.

आज महाराष्ट्रांत मुख्यत्वें जिओ, एअरटेल, व्होडाफोन-आयडिया आणि सरकारी भारत संचार निगम यांतून निवड करावयाची असते. यांपैकीं सर्वांत चांगली कोणती, हा प्रश्नच चुकीचा होय. आपल्या खोलींत चांगली कोणती, हा खरा प्रश्न. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०२४ च्या नियमांप्रमाणें प्रत्येक कंपनीस आपल्या सेवेचा नकाशा संकेतस्थळावर दाखवावा लागतो. तो प्रथम पाहावा. परंतु तेवढ्यावर विसंबूं नये. प्रवेश घेण्यास जाल तेव्हां वसतिगृहांतील जुन्या विद्यार्थ्यांस विचारावें, व निरनिराळ्या कंपन्यांचे दोन-तीन फोन घेऊन प्रत्यक्ष बोलून पाहावें. पडद्यावरील रेघा मोजणें पुरेसें नाहीं. खोलीचें दार लावून खाटेवर, वाचनालयांत आणि शक्य असल्यास रात्रीं, अशी तीन वेळां परीक्षा करावी. तीच परीक्षा आपल्या गांवींही करावी. कारण फोनास दोन टोकें असतात. खोलींत वायफाय असेल, तर वायफायवरून बोलण्याची सोय बहुतेक नव्या फोनांत असते. ती चालू करून ठेवावी.

आतां खर्चाकडे वळूं. पुष्कळ योजना २८ दिवसांच्या असतात, आणि वाचणारा त्यांस महिना समजतो. २८ दिवसांचे तेरा हप्ते मिळून ३६४ दिवस होतात. म्हणजे वर्षांत बारा नव्हे, तेरा वेळां पैसे भरावे लागतात. समजा, हप्ता ३०० रुपयांचा आहे. तर वर्षाचा खर्च ३,६०० नसून ३,९०० रुपये होतो. यास्तव योजनेची किंमत नेहमीं दिवसांनीं भागून पाहावी. २०२२ मध्यें नियामकानें प्रत्येक कंपनीस ३० दिवसांची निदान एक योजना ठेवण्याचा नियम केला. २०२४ च्या डिसेंबरांत केवळ बोलणें व संदेश एवढ्यांचीच योजना ठेवणेंही आवश्यक केलें. ज्यांच्या वसतिगृहांत चांगलें वायफाय आहे, त्यांनीं व गांवाकडील वडील माणसांनीं हिचा अवश्य विचार करावा. रोजचा ठराविक डेटा देणाऱ्या योजनेंत न वापरलेला भाग बहुधा मध्यरात्रीं बुडतो, हेंही ध्यानांत असूं द्यावें.

इतकें करूनही निवड चुकली तर घाबरण्याचें कारण नाहीं. क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय २० जानेवारी २०११ पासून देशभर आहे, व ३ जुलै २०१५ पासून ती एका राज्यांतून दुसऱ्या राज्यांत जाणाऱ्यांसही मिळाली आहे. मोबाइलवरून ‘पोर्ट’ हा शब्द इंग्रजी अक्षरांत लिहून, पुढें आपला क्रमांक घालून १९०० या क्रमांकावर संदेश धाडावा. म्हणजे आठ अक्षर-अंकांचा संकेत मिळतो. तो व ओळखपत्र घेऊन नव्या कंपनीच्या दुकानीं जावें. मात्र जुन्या कंपनीकडे ९० दिवस पुरे झालेले असावेत व तिचें बिल थकलेलें नसावें.

शेवटीं एक सूचना. अठरा वर्षें पुरीं न झालेल्यास स्वतःच्या नांवें सिम मिळत नाहीं. तें आईबापांच्याच नांवें घ्यावें, मित्राच्या नांवें कदापि घेऊं नये. आपल्या ओळखपत्रावर दुसऱ्यास सिम काढून देणें हें तर स्वतःवर संकट ओढवून घेणें होय. तसेंच, बँक, आधार आणि शिष्यवृत्ती यांचे गुप्त संकेत ज्या क्रमांकावर येतात, तो रिचार्जाअभावीं बंद पडूं देऊं नये. दीर्घ काळ बंद राहिलेला क्रमांक पुढें परक्या माणसास दिला जातो.

मनोरा बांधूं इच्छिणाऱ्यानें आधीं बसून खर्चाचा हिशेब करावा, अशा आशयाचा दाखला आम्हीं प्रार्थनेच्या तासास अनेकदां ऐकला आहे. सिम ही वस्तु लहान खरी. पण मध्यरात्रीं घरून आलेली हांक तिच्याच वाटेनें आपणांपर्यंत पोंचावयाची असते. ती वाट मोकळी आहे कीं नाहीं, हें पहिल्याच दिवशीं पाहून घ्यावें, एवढेंच आमच्या धाकट्या भावंडांस सांगणें आहे.