विश्लेषण : लाकडावरचे काळे डाग धुऊन का जात नाहीत?

पावसाळा सरून दिवाळीची आवराआवर सुरू झाली, की घरातल्या लाकडी सामानावरचे डाग डोळ्यांत भरतात. खिडकीच्या सागवानी चौकटीचा काळवंडलेला खालचा भाग, कुंडी ठेवलेल्या स्टुलावरचे काळे वर्तुळ, जुन्या टेबलावरचा निळसर-काळा पट्टा. साबण, सोडा, घासणी असे सगळे उपाय होतात. पॉलिश निघते, डाग मात्र तसाच राहतो. असे का होते आणि हे डाग घालवायचे कसे?

पांढरा डाग आणि काळा डाग वेगळे का?

गरम कपाचा किंवा ओल्या पेल्याचा पांढरट डाग लाकडावर नसतो. ओल पॉलिशच्या थरात अडकल्याने तो दिसतो. बऱ्याचदा तो एक-दोन दिवसांत आपोआप विरतो. पाणी पॉलिश ओलांडून लाकडात मुरले, की डाग काळा पडतो. लाखेचे पॉलिश पाणी आणि उष्णता फारशी सोसत नाही, त्यामुळे जुन्या सामानावर असे डाग लवकर पडतात.

हा काळा रंग येतो कुठून?

अनेक लाकडांत टॅनिन हे तुरट द्रव्य असते. पाण्यातला, खिळ्यातला, बिजागरीतला किंवा लोखंडी भांड्यातला लोहाचा अंश ओलीत त्याला भेटला, की निळसर-काळे संयुग तयार होते. हिरड्यातले टॅनिन आणि लोखंड यांपासून पूर्वी काळी शाई करत, ती याच क्रियेने. म्हणजे हा डाग मळ नसून लाकडाच्या आत तयार झालेली शाईच असते. म्हणून तो घासून निघत नाही. तारेच्या घासणीचे तुकडे लाकडात अडकले, तर उलट नवे डाग पडतात.

मग उपाय काय?

ऑक्झॅलिक आम्ल. फरशी पॉलिश करणारे कारागीर ते वापरतात. रंगाच्या किंवा रसायनांच्या दुकानात पांढऱ्या खड्यांच्या रूपात मिळते. ते लोहाशी जोडले जाते आणि तयार होणारे संयुग पाण्याने धुऊन काढता येते. लाकडाचा मूळ रंग बहुतांशी टिकतो.

कृती अशी :
१. आधी ओल कुठून येते ते शोधून गळती थांबवा. लाकूड पूर्ण वाळू द्या.
२. १२० आणि मग १८० नंबरच्या पॉलिश पेपरने जुने पॉलिश काढा.
३. प्लास्टिकच्या भांड्यात एक लिटर गरम पाण्यात ५० ते १०० ग्रॅम आम्ल विरघळवा. धातूचे भांडे नको.
४. द्रावण फक्त डागावर न लावता पूर्ण फळीवर लावा. नाहीतर तेवढाच भाग उजळ दिसेल.
५. काही तास थांबा. डाग उरला तर पुन्हा लावा.
६. साध्या पाण्याने दोन-तीनदा पुसा, मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने आणि शेवटी पुन्हा साध्या पाण्याने.
७. दोन दिवस सावलीत वाळवून मगच पॉलिश करा.

धोका कोणता?

ऑक्झॅलिक आम्ल विषारी आहे. पोटात गेल्यास मूत्रपिंडांना इजा होते. हातमोजे, चष्मा, मास्क वापरा, खिडक्या उघड्या ठेवा आणि मुलांना दूर ठेवा. वाळून वर आलेली पांढरी पूड झटकू किंवा घासू नका, ओल्या कापडाने टिपा. पोळपाट, लाटणे, विळीची फळी यांवर हे आम्ल अजिबात नको. तिथे फिकट डागापुरता लिंबाचा रस बरा. ब्लीच आणि आम्ल कधीही एकत्र करू नका, त्यातून क्लोरीन हा घातक वायू निघतो. शिवाय लोहाच्या डागावर ब्लीचचा उपयोगही होत नाही.

कधी थांबावे?

व्हिनिअरचा वरचा थर अनेकदा एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असतो. तो फार घासला, तर खालचा प्लाय उघडा पडतो. लाकडात नख रुतत असेल, तर ते कुजले आहे. तिथे सुताराला बोलवावे. डाग जाऊन पुन्हा उमटत असेल, तर ओल किंवा गंजका खिळा अजून आत आहे. तो काढल्याशिवाय पॉलिशवर केलेला खर्च वाया जातो. लाकूड टणक असेल, तर मात्र आजोबांच्या काळातले सागवानी टेबल केवळ काळ्या डागापायी भंगारात देण्याचे कारण नाही.