नागाता
नागाता : जपानच्या ह्योगो प्रांतातील कोबे या बंदर-शहराचा एक प्रशासकीय विभाग (कु). क्षेत्रफळ सु. ११ चौ. किमी.; लोकसंख्या सु. ९५,००० (२०२०). कोबेच्या नऊ विभागांपैकी हा क्षेत्रफळाने सर्वांत लहान असून त्याच्या पूर्वेस ह्योगो, पश्चिमेस सुमा हे विभाग व दक्षिणेस ओसाका उपसागर आहे. उत्तरेकडील भाग डोंगराळ असून ताकातोरी हा तेथील परिचित डोंगर होय. डोंगरउतारावर निवासी वस्ती, तर दक्षिणेच्या सखल पट्टीत कारखाने, बाजारपेठा व कोमागाबायाशी हे जुने मच्छीमार बंदर आढळते.

कोबे येथे १९३१ मध्ये विभागपद्धती सुरू झाली, तेव्हा या भागास हायाशिदा हे नाव होते. १९४५ च्या पुनर्रचनेत नागाता हे नाव देण्यात आले. टोकिओच्या खास विभागांप्रमाणे येथे निर्वाचित विभागप्रमुख नसतो. त्याची नेमणूक शहराचा महापौर करतो. विभाग-कार्यालयाकडे मुख्यत्वे नोंदणी, समाजकल्याण यांसारखी दैनंदिन कामे असतात. नगररचनेचे अधिकार महानगरपालिकेकडे आहेत.

येथील प्राचीन नागाता शिंतो मंदिराची स्थापना सम्राज्ञी जिंगू हिने केल्याची परंपरागत समजूत आहे. फेब्रुवारीतील तेथील विधीत राक्षसांचे मुखवटे घातलेले नर्तक हाती मशाली घेऊन नाचतात. हे राक्षस अनिष्टकारक नसून देवांचे दूत मानले जातात, हे या विधीचे वैशिष्ट्य.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात येथे रबर उद्योग वाढला व त्यात अनेक कोरियन मजूर काम करू लागले. १९५० नंतर व्हिनिलसारख्या कृत्रिम द्रव्यांपासून पादत्राणे बनविण्याचा धंदा भरभराटीस आला. कापणी, शिलाई, तळ चिकटविणे इ. कामे वेगवेगळ्या लहान कार्यशाळांत व घरोघरी वाटून दिली जात. त्यामुळे घर, दुकान व कारखाना एकाच गल्लीत असत. १९८० नंतर व्हिएतनामी निर्वासितही या धंद्यात आले. १९६५ च्या सुमारास दोन लाखांहून अधिक असलेली लोकसंख्या पुढे घटत गेली व दाट लाकडी चाळींतून वृद्धांचे प्रमाण वाढले.

१७ जानेवारी १९९५ रोजी पहाटे ५ वा. ४६ मि. झालेल्या हान्शिन-आवाजी भूकंपात या रचनेचे दोष भीषण रीतीने उघड झाले. जुनी घरे कोसळली, अनेक ठिकाणी आगी लागल्या आणि जलवाहिन्या फुटल्याने अग्निशामक दलास समुद्राचे पाणी ओढून आणावे लागले. या विभागात नऊशेहून अधिक लोक मृत्युमुखी पडले व साडेचार हजारांहून अधिक इमारती भस्मसात झाल्या. १९९० मधील सु. १,३७,००० लोकसंख्या १९९५ च्या जनगणनेत ९७,००० पर्यंत खाली आली. मात्र मानो या वस्तीत रहिवासी व शेजारच्या कारखान्याचे कामगार यांनी मिळून आग आटोक्यात आणली. १९६० नंतरच्या दशकात प्रदूषणविरोधी चळवळीतून तेथे लोकसंघटन उभे राहिले होते. संकटकाळी तेच उपयोगी पडले.

जळालेल्या ताकातोरी कॅथलिक चर्चच्या जागी शिगेरू बान या वास्तुविशारदाने १९९५ मध्ये स्वयंसेवकांच्या साहाय्याने कागदी नळ्यांचे सभागृह उभारले. पुढे ते उतरवून, १९९९ च्या भूकंपाने उद्ध्वस्त झालेल्या तैवानमधील पुली भागात नेण्यात आले व २००८ मध्ये तेथे खुले झाले. चर्चच्या आवारातूनच १९९६ मध्ये स्थानिक रहिवाशांसाठी अनेक भाषांतून प्रसारण करणारे नभोवाणी केंद्र सुरू झाले.

भूकंपानंतर अवघ्या दोन महिन्यांत महानगरपालिकेने शिन-नागाता स्थानकाच्या दक्षिणेकडील सु. २० हेक्टर क्षेत्राच्या पुनर्विकासाची योजना मंजूर केली. तात्पुरत्या निवाऱ्यांत विखुरलेल्या रहिवाशांना विचारविनिमयास पुरेसा अवधी मिळाला नाही, अशी टीका तेव्हापासून होत आली. रुंद रस्ते, उद्याने व आगीस दाद न देणाऱ्या उंच इमारती यांमुळे परिसर निश्चितच सुरक्षित झाला. परंतु परतलेल्या दुकानदारांना गिऱ्हाईक कमी व देखभालखर्च जास्त अशा अडचणीस तोंड द्यावे लागले. अनेक गाळे विकले न गेल्याने योजना मोठ्या तुटीत गेली. गजबज परत आणण्यासाठी २००१ मध्ये किनारी भुयारी रेल्वे येथवर आली. २००९ मध्ये मित्सुतेरू योकोयामा या कोबेच्या चित्रकथाकाराच्या ‘तेत्सुजिन २८’ या यंत्रमानवाचा १५ मी.हून उंच पुतळा उभारण्यात आला. २०१९ मध्ये शासकीय कार्यालयेही येथे आणली गेली.

पादत्राण-उद्योग लहान प्रमाणावर टिकून आहे. गोमांसाचे स्नायुबंध व कोन्याकू शिजवून केलेला ‘बोक्काके’ आणि भात व शेवया तव्यावर एकत्र परतलेला ‘सोबामेशी’ हे येथील कामगारवस्तीत रूढ झालेले पदार्थ प्रसिद्ध आहेत. इमारतींच्या पुनर्बांधणीपेक्षा विखुरलेल्या शेजाराची पुनर्बांधणी अधिक अवघड असते, याचे उदाहरण म्हणून नगररचनेच्या अभ्यासात नागाताचा अनुभव महत्त्वाचा ठरतो.